खुरांचं टॉनिक आणि बारा तोबरे

पोस्टिंग ऑर्डर आली तेव्हा मी ती दोनदा वाचली. ठिकाण: उज्जैन. बॅचमधल्या सगळ्यांना नकाशात शोधावी लागतील अशी नावं मिळाली होती. मला माझंच गाव मिळालं.

शॉर्ट सर्व्हिसची पाच वर्षं करून मी बाहेर पडले. बायका फौजेत ऑफिसर म्हणून नुकत्याच यायला लागल्या होत्या, म्हणून ओळखीचे लोक अजूनही विचारतात: गोळी चालवली का? रेंजवर चालवली. माझं काम रसदीचं होतं. माणसांचं आणि जनावरांचं रेशन, साठा, वाहतूक. त्या पाच वर्षांत मला सगळ्यात जास्त धडधड झाली ती एका घोडीच्या खुरामुळे.

एका घोडदळ तुकडीचे मूळ तबेले नव्याने बांधायला घेतले होते. तोवर बारा घोडे उज्जैनला देवास रोडवरच्या जुन्या, संस्थानी काळातल्या तबेल्यांत आणून ठेवले होते. मी तिथे लेफ्टनंट म्हणून रुजू झाले. मुख्य माणूस होते रिसालदार भवानीसिंह, राजस्थानचे, मिशीला रोज तेल. पहिल्या दिवशी त्यांनी मला लाइन दाखवली. तिसऱ्या ठाणावर एक म्हातारा तांबूस घोडा उभा होता.

"ये कप्तान, मॅडम साब."

"किसका घोडा है? कॅप्टन साब का?"

"नहीं. घोड़े का नाम ही कप्तान है."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "रँक में मॅडम साब से एक ऊपर." भवानीसिंहांनी मागे न बघता दरडावलं, "रामफल!" दफादार रामफल, कप्तानचा सवार, हरयाणाचा. त्याचं तोंड कधी बंद नसायचं. माझं क्वचितच उघडायचं. त्यामुळे आमचं बरं जमलं.

रूटीन पक्कं होतं. पहाटे स्टेबल्स, खरारा, पाणी, मग चंदी. चंदी म्हणजे घोड्याचं दाण्याचं जेवण: जव, चणा, गव्हाचा कोंडा. ती मोठ्या हौदात भिजवून कालवायची, तोबऱ्यांत, म्हणजे घोड्याच्या तोंडाला अडकवायच्या पिशव्यांत, भरायची, तोबरे हातात घेऊन बारा सवार बारा घोड्यांपासून दहा पावलं मागे उभे राहायचे. घोडे पाय आपटायचे, खिंकाळायचे. मग रिसालदार ओरडायचे, "फीड!" आणि सगळे एकदम पुढे. एकाही घोड्याचं तोंड दुसऱ्याच्या आधी तोबऱ्यात जाता कामा नये, असा नियम होता. घोडा जळतो, भवानीसिंह म्हणायचे. माणसापेक्षा जास्त जळतो.

अडचण होती झूमरची. नऊ वर्षांची काळी घोडी, लाइनमधली सगळ्यात वेगवान. तिचे खूर मात्र वाईट होते. भिंत, म्हणजे खुराचं बाहेरचं कवच, कोरडी, ठिसूळ, बिस्किटासारखी. नालबंद, ज्याला सगळे उस्ताद म्हणायचे, नाल ठोकून जायचा आणि आठवड्यात खिळे आपोआप गळायचे, सोबत खुराचा एक तुकडा घेऊन. नाल नाही तर रस्ता नाही, रस्ता नाही तर काम नाही. गेल्या कास्टिंग बोर्डाने तिला एक वर्षाची मुदत दिली होती. पुढचं बोर्ड दिवाळीनंतर. सिव्हिलियन वाचकांसाठी सांगते: बोर्डाने घोडा कास्ट, म्हणजे नोकरीतून बाद, केला की तो विकत नाहीत, कुणाला देत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला गोळी घालतात.

झूमरचा सवार होता लियाकत, शेखावाटीचा, बावीस-तेवीसचा. तो कुणाकडे तक्रार करत नव्हता. फक्त रोज संध्याकाळी तिच्या पुढच्या पायाशी उकिडवा बसून तडे बोटाने चाचपायचा.

व्हेटर्नरी मेजर महूहून पंधरवड्यातून एकदा येत. बुटके, गोरे, कायम घाईत. त्यांनी झूमरचा पाय उचलला, खाली ठेवला.

"बायोटिन," ते म्हणाले. "रोज वीस मिलिग्रॅम. सोबत मिथिओनिन, झिंक. खूर आतून घडतो, वरून तेल चोळून नाही. आता बाजार उघडलाय, बाहेरचे डबे यायला लागलेत. लोकल पर्चेसची परवानगी मी काढतो. लेफ्टनंट, तुम्ही तीन ब्रँड बघा. भाव आणि घटक दोन्ही. तुलना करून द्या."

"येस सर."

"इंग्रजी शाळेतल्या ना? लेबलं नीट वाचा. चकवतात."

देवास गेटजवळ जनावरांच्या औषधांचं एक जुनं मराठी दुकान होतं. मी युनिफॉर्ममध्ये गेले. काऊंटरवरच्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"अगं, तू बँकेतल्या अण्णांची ना? फ्रीगंजची? आई म्हणत होती, फौजमध्ये आहे पोरगी."

"हो काका. घोड्यांच्या खुरांसाठी काही आहे? बायोटिन असलेलं?"

"नखांचं टॉनिक?"

"खुरांचं."

"एकच की गं! वरातीचा घोडा आहे का?"

"फौजेचा."

"मग सांग ना तसं! पोरा, मॅडमला इंपोर्टेड दाखव रे!" आतून कुणीच आलं नाही, तेव्हा ते स्वतःच उठले. तीन वस्तू काऊंटरवर आल्या. एक परदेशी डबा, किलोचा, वर उड्या मारणारा पांढरा घोडा, नऊशे रुपये. एक देशी डबा, तोही किलोचा, अडीचशे. आणि एक देशी बाटली, लिटरची, एकशे चाळीस.

"बाटली घे," काका म्हणाले. "वरातवाले सगळे हेच नेतात. नऊशेचा डबा मी हौस म्हणून मागवला. इंदूरच्या रेसवाल्या एका शेठने बघितला, भाव ऐकून निघून गेला."

मी तिथेच स्टुलावर बसून लेबलं वाचायला लागले. आणि मला मजा यायला लागली. खरंच मजा. परदेशी डब्यावर बायोटिन दर किलोला दिलं होतं: हजार मिलिग्रॅम. देशी डब्यावर दर शंभर ग्रॅमला: दहा मिलिग्रॅम. बाटलीवर दर शंभर मिलिलिटरला, पण मायक्रोग्रॅममध्ये: पाच हजार. पाच हजार हा आकडा ठळक, लाल. बघणाऱ्याला वाटावं, केवढं बायोटिन! मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम केले की उरतात पाच.

तिघांची भाषा वेगळी, म्हणून मी एकच प्रश्न तिघांना विचारला: झूमरला रोजचे वीस मिलिग्रॅम द्यायला तू किती पैसे घेशील? परदेशी डब्यातून वीस ग्रॅम लागायचे, एक चमचा, अठरा रुपये. देशी डब्यातून दोनशे ग्रॅम, पन्नास रुपये. डबा पाच दिवसांत संपला असता. बाटलीतून चारशे मिलिलिटर, छप्पन रुपये, आणि घोडीने एवढं सरबत प्यायलं असतं का कोण जाणे. देशी डब्यावर लिहिलेला डोस तीस ग्रॅमचा होता. म्हणजे सांगितल्याप्रमाणे दिलं तर तीन मिलिग्रॅम. ते खुरापर्यंत पोचलंही नसतं.

"काका, सगळ्यात स्वस्त नऊशेचा आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग डब्याकडे. "फौजमध्ये हिशेब उलटा शिकवतात का गं?"

मी कागद त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी तो ओठ हलवत वाचला. मग उठले, नऊशेचा डबा उचलला आणि शोकेसमध्ये सगळ्यात पुढे ठेवला. "त्या शेठला आता फोन करतो," म्हणाले. "नाही, आधी तू ने. मग करतो."

मेजरसाहेबांना माझा तक्ता एवढा आवडला की त्यांनी टेबलावर थाप मारली. परवानगी आली, डबे आले. उस्तादने झूमरच्या खुरावर, केस संपून खूर सुरू होतो त्या कडेला, कानशीने एक बारीक रेघ ओढली. रेघेच्या वरती जो नवा खूर येईल तो औषधाचा. "इसके ऊपर नया माल, मॅडम साब," तो म्हणाला. रोज चंदीच्या वेळी एक चमचा द्यायचा, अशी ऑर्डर मी रामफलला दिली. तो चंदी कालवायचा प्रमुख होता. त्याने सॅल्यूट ठोकला.

संक्रांत आली. रेघ बोटभर खाली सरकली होती. वरचा नवा खूर मी नखाने दाबून पाहिला. तसाच. ठिसूळ, रेषारेषांचा. मेजर वैतागले.

"माल नकली आहे. डब्यात पीठ भरलंय कुणीतरी."

मी काकांकडे गेले. त्यांचा चेहरा पडला. सील दाखवली, बिल दाखवलं. "बेटा, तुझ्या अण्णांना तोंड दाखवायचंय मला," एवढंच म्हणाले. मला ते खोटं बोलताहेत असं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी चंदीच्या वेळी ऑफिसात न बसता हौदाजवळ उभी राहिले. बोलले काही नाही. मी उभी असले की लोक थोड्या वेळाने विसरतात, ही सवय फौजेतही उपयोगी पडते. रामफलने जव टाकले, चणा टाकला, कोंडा टाकला. मग परदेशी डबा उघडला, चमचा शिगोशीग भरला, वरून सपाट केला आणि हौदात उपडा केला. फावड्याने सगळं नीट कालवलं. मग बारा तोबरे भरले.

"रामफल, ये झूमर का था."

"जी, मॅडम साब."

"तो हौद में क्यूँ डाला?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "सबको मिलना चाहिए ना साब. बराबर."

"शुरू से ऐसे ही?"

"पहले दिन से. एक दाना इधर-उधर नहीं." तो अभिमानाने सांगत होता.

झूमरच्या वाट्याला दिवसाला दोन मिलिग्रॅमसुद्धा येत नव्हते. मी लियाकतकडे वळले. त्याची घोडी, तिचा जीव. "तुझे पता था?"

"जी साब."

"बोला क्यूँ नहीं?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "बाकी ग्यारह देखते हैं, साब."

भवानीसिंह आले. मी सांगितलं, उद्यापासून औषध फक्त झूमरच्या तोबऱ्यात. माझा आवाज जरा चढला होता. ते सावधान उभे राहून म्हणाले, "हुकुम है तो हो जाएगा, मॅडम साब. पर एक अर्ज है. लाइन में एक को अलग चीज मिली तो घोड़ा भी बिगड़ेगा, जवान भी. तीस साल में किसी तोबरे में अलग चीज नहीं डाली हमने. लड़ाई में भी नहीं."

हुकूम देता आला असता. पण मी शाळेपासून बाकावर शेवटी बसून माणसं बघत आले आहे, आणि तुकडी कशावर उभी आहे ते मला दिसत होतं. हुकूम मानला गेला असता, आणि काहीतरी तुटलं असतं. मी म्हटलं, मला एक दिवस द्या.

मी पुन्हा कागद घेतला. या वेळी घटक सुटे केले. डब्यात तीन कामाच्या गोष्टी होत्या. बायोटिन फक्त डब्यातच मिळत होतं, ते झूमरलाच परवडणार. पण मिथिओनिन हा प्रथिनांचा भाग, आणि माळव्यात तेव्हा जिकडे बघावं तिकडे सोयाबीन होतं. भाजलेला सोयाबीनचा भरडा बाराही घोड्यांना रोज दिला तरी परदेशी डब्यापुढे तो खर्च किरकोळ होता. झिंकचा क्षार तर कवडीमोल. मेजरांना फोन लावला.

"सर, आपण कोंडा खूप देतो का?"

 मग ते ओरडलेच, "अर्थातच देतो! कोंडा झिंक अडवतो, कॅल्शियमचा तोल बिघडवतो! निम्मा करा! लेफ्टनंट, हे मी का नाही बोललो?"

दुसऱ्या दिवशी मी स्टोअरमधून चहाचे बारा एनॅमलचे मग काढले. प्रत्येक घोड्याच्या तोबऱ्यात वरून एक मग. सगळ्यांच्या मगात सोयाबीनचा भरडा, झिंक, वर गुळाचं पाणी. झूमरच्या मगात त्यातच बायोटिनचा चमचा. आकार एक, रंग एक, वास एक. मी भवानीसिंहांना रांगेत ठेवलेले मग दाखवले. ते वाकून एकेक मग बघत गेले. झूमरचा कोणता ते त्यांना ओळखू आलं नाही.

"बीमार की खुराक अलग होती है, साहब," मी म्हटलं, "पर थाली तो सबकी एक जैसी है."

मिशीला पीळ देत ते म्हणाले, "ये चलेगा." आणि मोठ्याने, "फीड!"

त्यानंतरचे महिने मला अजून आठवतात. उस्तादने वरच्या कडेला नवी रेघ ओढली होती; होळीला तिच्या वरचा खूर वेगळा दिसायला लागला. गुळगुळीत, काळा, तेल लावल्यासारखा. खालचा जुना, वरचा नवा, मधे स्पष्ट सीमा. सगळी लाइन येऊन बघून जायची. पैजा लागायच्या. लियाकत आता तडे चाचपायचा नाही, सीमा मोजायचा. मी रविवारी घरी गेले तरी आईने विचारण्याआधी तेच सांगायची. आई म्हणाली, "लग्नाचं विचारलं की गप्प, घोडीचं विचारलं की थांबत नाहीस." टावर चौकात कुल्फी खाताना मी अण्णांना चमच्याने प्लेटवर खूर काढून दाखवला. काकांनी दुकानात माझा तक्ता चक्क काच लावून टांगला होता. माझं नाव न घालता, ही माझी अट.

मेजरांचा हिशेब होता की दिवाळीपर्यंत नवा खूर खिळ्यांच्या जागेपर्यंत उतरेल. मग नालबंदाला धरायला भक्कम जागा मिळेल.

ऑगस्टमध्ये, चिखलाचे दिवस असताना, वायरलेस सेटवर मेसेज आला.

"बोर्ड प्रीपोन्ड. गुरुवारी पोचेल. सर्व जनावरं हजर. ओव्हर."

"दिवाळीनंतर होतं. पुन्हा सांगा. ओव्हर."

"गुरुवार. या गुरुवारी. आउट."

तो सोमवार होता. मंगळवारी झूमरची पुढची उजवी नाल चिखलात गळून पडली.

बुधवारी सकाळी उस्तादने तिचा पाय मांडीवर घेतला. आम्ही सगळे भोवती. जुना खूर खाली अजून शिल्लक होता, ठिसूळ. नवा निम्म्याच्या खाली उतरला होता, पण खिळे जिथून बाहेर पडतात त्या जागेच्या बोटभर वर थांबला होता.

"बोटभर का काम है," उस्ताद म्हणाला. "खिळा ऊपर निकालना पड़ेगा. लंबा खिळा. जरा अंदर गया तो मांस में. फिर लंगड़ी."

"पहले किया है?" मी विचारलं.

"दो-तीन बार."

"और?"

"एक बार बिगड़ा."

मेजर बोर्डासाठी एक दिवस आधीच महूहून आले होते; मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी लियाकतकडे पाहिलं. लियाकतने झूमरचं कपाळ आपल्या छातीशी घेतलं आणि होकाराची मान हलवली. उस्तादने खिळा टेकवला. प्रत्येक ठोक्याला तो थांबायचा, आवाज ऐकायचा. मऊ आवाज आला तर आत गेला, टणक आला तर बरोबर. टक. टक. टक. खिळ्याचं टोक नव्या, काळ्या खुरातून बाहेर आलं. मग दुसरं. सहाही टोकं नव्या खुरात निघाली. उस्तादने ती वळवून ठोकली, पाय खाली ठेवला. झूमरने त्यावर वजन टाकलं. लंगडली नाही. रामफलने पगडीच उडवली.

गुरुवारी बोर्ड आलं. अध्यक्ष कर्नल होते, पांढरे केस, हातात वेताची केन.

"घोडी नंबर सात. डांबरी रस्त्यावर ट्रॉट."

लियाकत तिला पळवत नेऊ लागला. ढिली नाल असली की खळखळ ऐकू येते. मी डोळे मिटले आणि फक्त ऐकलं. दोन-दोन ठोके, सारखे, स्वच्छ. दूर गेले, वळले, परत आले.

"पुन्हा."

पुन्हा तेच ठोके. पुन्हा स्वच्छ.

"तिसऱ्यांदा. जोरात."

ती वाऱ्यासारखी गेली. परत आली तेव्हा कर्नलांनी स्वतः पाय उचलला, नव्या खुरावर अंगठा फिरवला. "व्हॉट इज दिस? वर्षाच्या आत?" मेजर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "सर, रसद विभाग." कर्नल हसले. "रिटेन. सर्व्हिसेबल." लियाकतने तिथेच घोडीच्या मानेत तोंड खुपसलं. भवानीसिंहांनी ते पाहिलं नाही असं केलं. मला ओरडावंसं वाटत होतं. मी फक्त "थँक यू, सर" म्हटलं.

मग बाकीची लाइन. कर्नल आता प्रत्येक घोड्याचे खूर बघत होते. कप्तानपाशी आले, पाय उचलला आणि थांबले. "हे बघा. याला म्हणतात खूर. सतरा वर्षांचा ना? लोखंड आहे हे." रामफलची छाती फुगली. "सोयाबीन, सर," तो म्हणाला. कर्नलांनी पाय खाली ठेवला, सरळ उभे राहिले, आणि सहज कप्तानच्या डोळ्यापुढून हात फिरवला.

डोळा मिटला नाही.

त्यांनी दुसऱ्या बाजूने फिरवला. तोही नाही.  रामफलने जिभेने बारीक चुक् असा आवाज केला आणि कप्तान लगेच एक पाऊल डावीकडे सरला. तेव्हा मला कळलं, रामफल दिवसभर का बोलतो.

"कब से?" कर्नलांनी विचारलं.

"साब, चलता है. आवाज पे चलता है. आप पीछे से बोलिए, साब, वो..."

"कब से, दफादार?"

"दो बरसात."

कर्नलांनी केन काखेत धरली. मग क्लार्कला हळू म्हणाले, "कास्ट." मेजरांनी, मी, भवानीसिंहांनी, तिघांनीही काही म्हणून पाहिलं. आंधळा घोडा सवाराखाली देता येत नाही. नियम बरोबर होता.

ते तबेले आता नाहीत, तिथे कॉलनी उभी राहिली आहे. झूमर पुढे दोन वर्षं नोकरीत राहिली, असं लियाकतने कळवलं. ज्याच्यासाठी कुणाला कसलाही तक्ता करावा लागला नाही, त्याचं नाव मी इथे लिहिते. कप्तान. तांबूस, खच्ची, कपाळावर चांद. सतरापैकी तेरा वर्षं सेवेत. शेवटची दोन दफादार रामफलच्या आवाजावर.

त्या दुपारी रामफल ऑफिसच्या दारात आला. पहिल्यांदाच त्याला शब्द शोधावे लागले.

"मॅडम साब, एक अर्ज है. कल सुबह से पहले उसकी नाल उतरवा दीजिए. मंदिर में कोई जूते पहन के नहीं जाता."

मी उस्तादला बोलावलं. रामफलने कप्तानचा पुढचा पाय आपल्या मांडीवर घेतला आणि त्याच्याशी बोलत राहिला. उस्तादने पहिल्या खिळ्याला पकड लावली. खिळा हलेना. त्याने जोर लावला, पुन्हा लावला, कपाळ पुसलं. इतका घट्ट खूर होता की एकेक खिळा सोडवायला झटावं लागत होतं. लियाकत येऊन दुसरा पाय धरून बसला. ऊन उतरलं, चंदीची वेळ होऊन गेली. कुणीही घाई केली नाही.